पाण्याचे स्वावलंबन : सिंगापूरमधील सांडपाण्याचा पुनर्वापर व समुद्रजलाचे निःक्षारीकरण – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील अनेक शहरांसमोर पाणीटंचाईचा प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून सांडपाण्याचा पुनर्वापर आणि समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण या दोन मार्गांकडे पाहिले जाऊ लागले. या दोन्ही मार्गांचा पद्धतशीर अवलंब करणारे राष्ट्र म्हणून सिंगापूरचा उल्लेख केला जातो. तथापि हे यश केवळ आधुनिक तंत्रज्ञानाचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत शोधनिबंधात १९२७ ते २०२२ या कालखंडातील सिंगापूरच्या जलव्यवस्थेचा मागोवा घेतला असून, तंत्रज्ञान हाती येण्यापूर्वी मलनिःसारण, नदी शुद्धीकरण व प्रशासकीय एकसूत्रता या क्षेत्रांत झालेले काम हेच या यशाचा पाया होते, असे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर या स्वावलंबनाच्या मर्यादा व त्याची किंमत यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पाणीटंचाई, सांडपाण्याचा पुनर्वापर, निःक्षारीकरण, व्यस्त परासरण, सिंगापूर, जोहोर, न्यूवॉटर.

प्रस्तावना

पाणी हे जीवन आहे, हे वचन भारतीय समाजात परंपरेने रूढ आहे. मात्र पाण्याच्या इतिहासाकडे पाहिल्यास पाणी हे सत्तेचेही साधन असल्याचे दिसून येते. ज्याच्या हाती उगम, त्याच्या हाती शहराची नाडी, हा अनुभव अनेक नगरांनी घेतला आहे. सिंगापूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. विषुववृत्ताजवळील या बेटावर वर्षाकाठी सरासरी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजेच येथे पावसाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पाऊस साठविण्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा. १९६५ मध्ये स्वतंत्र झाले तेव्हा या राष्ट्राचे क्षेत्रफळ अवघे सुमारे ५८० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १९ लाख होती. मोठ्या नद्या नाहीत, नैसर्गिक सरोवरे नाहीत आणि भूजलाचा भरवशाचा साठाही नाही, अशी ही स्थिती होती. अशा भूमीवरील नगरराष्ट्राने आपली तहान भागविण्यासाठी कोणता मार्ग धरला आणि तो कोणत्या क्रमाने धरला, हा इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सिंगापूरच्या पाणीटंचाईची ऐतिहासिक व राजकीय पार्श्वभूमी समजून घेणे.
२. सांडपाण्याचा पुनर्वापर व निःक्षारीकरण यांच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
३. या प्रयोगाच्या यशाची कारणे व मर्यादा यांचे विश्लेषण करणे.
४. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील शहरांच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ शोधणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

परावलंबनाचा वारसा (१९२७–१९६५)

ब्रिटिश राजवटीत सिंगापूर बंदराची भरभराट झाली आणि पाण्याची मागणी वाढत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेटाच्या मध्यभागी जलाशय बांधण्यात आले, परंतु ते अपुरे पडू लागले. परिणामी १९२७ मध्ये सिंगापूरच्या नगरपालिकेने सामुद्रधुनीपलीकडील जोहोरच्या सुलतानाशी करार केला. १९३२ पासून जोहोरमधील गुनुंग पुलाई येथील पाणी समुद्रावरील भराव-रस्त्यावरून जाणाऱ्या जलवाहिनीने सिंगापुरात येऊ लागले. शहराची तहान भागली, पण शहराची नाडी परभूमीत गेली.

या व्यवस्थेतील धोका दुसऱ्या महायुद्धात उघड झाला. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने जपानी सैन्याला रोखण्यासाठी हा भराव-रस्ता उडवून दिला आणि त्याबरोबर जलवाहिनीही तुटली. बेटावरील जलाशय पुढे जपान्यांच्या हाती गेले, तर बॉम्बहल्ल्यांमुळे फुटलेल्या नळांतून उरलेले पाणी वाहून जाऊ लागले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. त्यामागील कारणांत पाण्याचा प्रश्न हे एक महत्त्वाचे कारण होते. एका साम्राज्याचा अभेद्य मानला गेलेला किल्ला पडला, त्यात फुटलेल्या नळांचाही वाटा होता, ही बाब सिंगापूरची पुढची पिढी विसरली नाही.

युद्धोत्तर काळात टंचाई अधिक तीव्र झाली. १९६३–६४ मध्ये सुमारे दहा महिने पाण्याचे नियंत्रित वाटप करावे लागले. याच सुमारास जोहोरशी दोन नवे करार झाले. १९६१ चा करार पन्नास वर्षांसाठी, म्हणजे २०११ पर्यंत होता. १९६२ चा करार नव्व्याण्णव वर्षांसाठी, म्हणजे २०६१ पर्यंत असून त्यान्वये जोहोर नदीतून दररोज २५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ११३ कोटी लिटर पाणी उचलण्याचा हक्क सिंगापूरला मिळाला. दर हजार गॅलनला केवळ तीन सेन असा ठरला. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून विभक्त झाले, तेव्हा विभाजनाच्या करारातच या दोन्ही पाणी-करारांची हमी नमूद करण्यात आली. तरीही भीती संपली नाही. सिंगापूरचे परराष्ट्र धोरण मलेशियाला बाधक ठरल्यास जोहोरचे पाणी बंद करण्याचा दबाव आणता येईल, अशा आशयाचे उद्गार मलेशियाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ब्रिटिश उच्चायुक्तांजवळ काढल्याचा उल्लेख ली क्वान यू यांच्या आठवणींत आहे. त्यामुळे स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवसापासूनच पाणी हा या राष्ट्राच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला.

अपयशी ठरलेला पहिला प्रयोग

सांडपाण्याचा पुनर्वापर हा सिंगापूरने एकविसाव्या शतकात लावलेला शोध आहे, असे अनेकदा मानले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९६६ पासूनच जुरोंग येथील उद्योगांना प्रक्रिया केलेले सांडपाणी औद्योगिक वापरासाठी पुरविले जात होते. जगात इतरत्रही या दिशेने पावले पडत होती. नामिबियातील विंडहुक या वाळवंटी प्रदेशातील शहराने १९६८ मध्ये प्रक्रिया केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळण्यास प्रारंभ केला. तो जगातील अशा स्वरूपाचा पहिला प्रकल्प मानला जातो.

याच काळात निःक्षारीकरणाच्या तंत्रातही मूलभूत बदल होत होता. पूर्वी समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करणे, ही ऊर्ध्वपातनाची पद्धत प्रचलित होती. आखाती देशांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, कारण त्यांच्याकडे इंधन विपुल होते. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल तयार केले, की ज्यातून दाबाखाली पाणी आरपार जाते आणि क्षार मागे राहतात. यालाच व्यस्त परासरण म्हणतात. निसर्गतः अर्धपार्य पटलातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे जाते. येथे बाहेरून दाब देऊन हा प्रवाह उलटा केला जातो. जेवढे क्षार अधिक, तेवढा दाब अधिक आणि म्हणून विजेचा खर्चही अधिक, हे या तंत्राचे मूळ सूत्र होय. सांडपाण्यात समुद्राच्या तुलनेने क्षार फारच कमी असल्याने ते शुद्ध करणे समुद्राचे पाणी गोडे करण्यापेक्षा स्वस्त पडते, हे याच सूत्रावरून समजते.

सिंगापूरमध्ये १९७१ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयात जलनियोजन विभाग स्थापन झाला आणि १९७२ मध्ये पहिला जल-बृहद्आराखडा तयार झाला. त्यात परंपरागत जलाशयांबरोबर पुनर्वापर व निःक्षारीकरण यांचाही विचार होता. १९७४ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पाहण्याचे एक प्रायोगिक संयंत्र उभारण्यात आले. मात्र त्या काळातील पटले महाग होती आणि त्यांचा भरवसा नव्हता. परिणामी सुमारे वर्षभरानंतर हा प्रयोग थांबविण्यात आला. या अपयशाची नोंद महत्त्वाची आहे. तंत्र परिपक्व नाही हे ओळखून शासनाने ते बाजूला ठेवले, परंतु उद्दिष्ट सोडले नाही. मधल्या पाव शतकात तंत्राची वाट पाहत असताना जे काम झाले, त्यातच पुढील यशाचे रहस्य दडलेले आहे.

पाया : मलनिःसारण व नदी शुद्धीकरण (१९७७–१९८७)

सांडपाण्याचा पुनर्वापर करावयाचा तर प्रथम सांडपाणी एकत्र यावे लागते. जे पाणी उघड्या गटारांतून नदीत व समुद्रात जाते, त्याचा पुनर्वापर कोणतेही पटल करू शकत नाही. ही बाब साधी वाटते, परंतु तिची अंमलबजावणी कठीण असते. १९७० च्या दशकात सिंगापूर नदी व कल्लांग खोरे यांची अवस्था अत्यंत वाईट होती. नदीकाठच्या वसाहतींतील मैला, डुकरांच्या व बदकांच्या पालनकेंद्रांतील घाण, फेरीवाल्यांचा कचरा आणि होड्यांमधील तेल हे सर्व नदीत मिसळत होते.

१९७७ मध्ये ली क्वान यू यांनी दहा वर्षांत या नद्या स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट दिले आणि १९८७ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे २६ हजार कुटुंबांचे सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतींत पुनर्वसन झाले. फेरीवाल्यांना नळ व गटाराची सोय असलेल्या इमारतींत जागा देण्यात आल्या. पालनकेंद्रे हलविण्यात आली आणि पुढे १९८० च्या दशकात डुक्करपालनाचा व्यवसायच टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. टोपलीने मैला वाहून नेण्याची पद्धतही १९८७ मध्ये संपुष्टात आली. पावसाचे पाणी व सांडपाणी यांच्या वाहिन्या पूर्णपणे वेगळ्या ठेवण्यात आल्या. त्यामुळे पावसाचे पाणी जलाशयात आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, अशी स्पष्ट विभागणी शक्य झाली.

या कामाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदविली पाहिजे. ज्यांचा पिढीजात व्यवसाय गेला त्या शेतकऱ्यांना व पशुपालकांना नुकसानभरपाई आणि घरे मिळाली असली, तरी त्यांचे ग्रामीण जीवन कायमचे संपले. शहराला मिळालेल्या स्वच्छ पाण्यात त्यांच्या विस्थापनाचा वाटा आहे. प्रबळ व दीर्घकाळ एकाच पक्षाच्या हाती असलेल्या शासनामुळे हे काम वेगाने झाले, हेही मान्य करावे लागते. बहुपक्षीय लोकशाहीत त्याच पद्धतीचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही.

न्यूवॉटरचा उदय (१९९८–२०११)

१९९० च्या दशकात पटलांची किंमत उतरली व कार्यक्षमता वाढली. १९९८ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापराचा अभ्यास नव्याने हाती घेण्यात आला. मे २००० मध्ये बेडोक येथे दररोज एक कोटी लिटर क्षमतेचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू झाले. येथे आधी प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यावर तीन टप्प्यांत काम होते. पहिल्या टप्प्यात सूक्ष्मगाळणीने निलंबित कण व जिवाणू अडविले जातात. दुसऱ्या टप्प्यात व्यस्त परासरणाने क्षार, विषाणू व विरघळलेले सेंद्रिय पदार्थ वेगळे होतात. तिसऱ्या टप्प्यात अतिनील किरणांनी उरल्यासुरल्या सूक्ष्मजीवांचा नाश होतो. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने हे पाणी पिण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

प्रशासकीय पातळीवर २००१ हे वर्ष निर्णायक ठरले. तोपर्यंत पाणीपुरवठा सार्वजनिक उपयोगिता मंडळाकडे व मलनिःसारण पर्यावरण मंत्रालयाकडे होते. त्या वर्षी ही दोन्ही कामे एकाच मंडळाकडे सोपविण्यात आली. ज्या दिवशी नळाचे पाणी व गटाराचे पाणी यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला जाऊ लागला, त्या दिवशी सांडपाणी हा खर्चाचा विषय न राहता साधनसंपत्तीचा विषय झाला.

लोकमानसाचा प्रश्न मात्र उरला होता. मैल्यापासून आलेले पाणी पिण्याबाबतची घृणा ही सर्व समाजांत आढळणारी भावना आहे. ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा शहरात २००६ मध्ये झालेल्या मतदानात, दुष्काळ असूनही, बहुसंख्य नागरिकांनी अशा योजनेला नकार दिला. सिंगापूरने या प्रश्नाकडे आरंभापासून लक्ष दिले. शुद्ध पाण्याला ‘न्यूवॉटर’ हे नाव मिळाले, सांडपाण्याला ‘वापरलेले पाणी’ म्हटले जाऊ लागले. ९ ऑगस्ट २००२ रोजी राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात सुमारे साठ हजार लोकांनी न्यूवॉटरच्या बाटल्या उंचावून ते प्राशन केले. फेब्रुवारी २००३ मध्ये बेडोक व क्रांजी येथील संयंत्रांतून प्रत्यक्ष पुरवठा सुरू झाला आणि नागरिकांना प्रक्रिया पाहता यावी म्हणून अभ्यागत केंद्र उघडण्यात आले. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. न्यूवॉटरचा बहुतांश भाग पिण्यासाठी नव्हे, तर अतिशुद्ध पाण्याची गरज असलेल्या अर्धवाहक उद्योगांसाठी व शीतकरणासाठी वापरला जातो. थोडासा भाग जलाशयात सोडला जातो आणि तेथून पुन्हा नेहमीच्या प्रक्रियेनंतर नळात येतो. उद्योगांनी हे पाणी घेतल्याने पिण्याचे पाणी नागरिकांसाठी मोकळे झाले.

पुढे उलू पांदान (२००७) व चांगी (२०१०) येथे मोठी संयंत्रे उभी राहिली. २००८ मध्ये खोल भूमिगत मलवाहिनी योजनेचा पहिला टप्पा पूर्ण होऊन ४८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून सांडपाणी गुरुत्वाकर्षणाने चांगी येथे येऊ लागले. याच वर्षी मरीना बंधारा पूर्ण झाला आणि त्यामुळे पुढे शहराच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा जलाशय निर्माण झाला. या तयारीचे राजकीय फलित २०११ मध्ये दिसले. पाण्याच्या दराबाबत मलेशियाशी दीर्घकाळ चाललेली बोलणी निष्फळ ठरली होती. १९६१ च्या कराराची मुदत ३१ ऑगस्ट २०११ रोजी संपली, तेव्हा सिंगापूरने तो नूतनीकृत न करता जलशुद्धीकरण केंद्रे जोहोरच्या स्वाधीन केली. १९४२ मध्ये ज्या पाण्याविना शहर पडले होते, त्याच गुनुंग पुलाईचे पाणी आता ते स्वेच्छेने सोडू शकले.

समुद्राकडे : निःक्षारीकरणाचे प्रयत्न (२००५–२०२२)

पुनर्वापराला एक अंगभूत मर्यादा असते. वापरलेल्या पाण्याचा काही भाग बाष्पीभवनाने, गळतीने व पटलांमागे उरलेल्या क्षारद्रवात जातो. म्हणून पुनर्वापर पाण्याचा गुणाकार करतो, परंतु नवे पाणी निर्माण करीत नाही. ती उणीव समुद्र भरून काढतो. सप्टेंबर २००५ मध्ये तुआस येथे दररोज तीन कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १३.६ कोटी लिटर क्षमतेचा पहिला निःक्षारीकरण प्रकल्प खाजगी सहभागातून सुरू झाला. २०१३ मध्ये सात कोटी गॅलन क्षमतेचा तुआसस्प्रिंग हा दुसरा प्रकल्प आला. २०१८, २०२० व २०२२ मध्ये आणखी तीन प्रकल्पांची भर पडली. त्यांपैकी मरीना ईस्ट येथील प्रकल्प पावसाळी दिवसांत जलाशयाचे गोडे पाणी आणि कोरड्या दिवसांत समुद्राचे पाणी शुद्ध करू शकतो.

खाजगी सहभागाचा मार्ग निर्वेध नव्हता. तुआसस्प्रिंगची उभारणी करणारी हायफ्लक्स ही कंपनी प्रकल्पाला जोडलेल्या वीजकेंद्राच्या तोट्यामुळे आर्थिक संकटात सापडली आणि हजारो लहान गुंतवणूकदारांचे नुकसान झाले. २०१९ मध्ये सार्वजनिक मंडळाने हा निःक्षारीकरण प्रकल्प ताब्यात घेतला, त्यामुळे पाणीपुरवठा खंडित झाला नाही. पाण्यासारख्या मूलभूत सेवेत अंतिम जबाबदारी शासनाचीच असते, हा धडा या घटनेतून मिळतो.

याहून गंभीर प्रश्न ऊर्जेचा आहे. समुद्राचे एक घनमीटर पाणी गोडे करण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. न्यूवॉटरसाठी साधारण एक युनिट पुरते, तर जलाशयाच्या पाण्यासाठी त्याहूनही बरीच कमी. सिंगापूरची बहुतांश वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूपासून तयार होते. म्हणजेच पाण्याबाबतचे परावलंबन कमी करताना इंधनाबाबतचे परावलंबन वाढले. स्वावलंबन हे येथे निरपेक्ष सत्य नसून एका अवलंबनाच्या जागी दुसरे, अधिक विभागलेले अवलंबन स्वीकारणे आहे. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तीव्र क्षारद्रवाचा सागरी जीवसृष्टीवरील परिणाम हाही लक्ष ठेवण्याचा विषय आहे. शिवाय १९६२ चा करार अद्याप अस्तित्वात असून जोहोर नदीचे पाणी आजही सिंगापूरला मिळते. ते २०६१ मध्ये थांबेल, या गृहीतकावरच सर्व नियोजन आधारलेले आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात या विचाराचे पडसाद उमटलेले दिसतात. नागपूर महानगरपालिका व महानिर्मिती यांच्यातील व्यवस्थेनुसार भांडेवाडी येथे सांडपाण्यावर प्रक्रिया करून कोराडी औष्णिक विद्युत केंद्राला दररोज १३ कोटी लिटर पाणी पुरविण्याची योजना साकारली. वीजकेंद्राला सांडपाणी मिळाल्याने धरणातील तेवढे पाणी अन्य गरजांसाठी वाचते. न्यूवॉटरमागील तत्त्व हेच आहे. दुसरीकडे मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प प्रस्तावित केला. सिंगापूरच्या अनुभवाच्या प्रकाशात येथे क्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. सिंगापूरने प्रथम गटारे बांधली, नंतर नद्या स्वच्छ केल्या, गळती पाच टक्क्यांच्या आसपास आणली, सांडपाणी शुद्ध केले आणि त्यानंतरच सर्वांत महाग असलेल्या समुद्राच्या पाण्याकडे वळले. मुंबईतील मिठी नदीची स्थिती पाहता, पायऱ्या गाळून शिखर गाठण्याचा मोह टाळला पाहिजे, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

१. सिंगापूरच्या जलधोरणामागील प्रेरणा भौगोलिक टंचाईइतकीच राजकीय असुरक्षिततेची होती. १९४२ व १९६५ या दोन वर्षांच्या स्मृतींनी ती घडविली.
२. १९७४ च्या अपयशानंतर २००० मध्ये आलेले यश हे पटलांच्या प्रगतीचे जसे फलित होते, तसेच मधल्या काळातील मलनिःसारण व नदी शुद्धीकरणाचेही फलित होते.
३. पाणीपुरवठा व मलनिःसारण यांचे एकाच संस्थेकडे एकत्रीकरण ही पुनर्वापराच्या यशाची प्रशासकीय अट होती.
४. पुनर्वापराचे पाणी प्रथम उद्योगांना देण्याचे धोरण लोकमानसाच्या व अर्थकारणाच्या दृष्टीने उपयुक्त ठरले.
५. निःक्षारीकरण हा पावसावर अवलंबून नसलेला, परंतु ऊर्जेवर अवलंबून असलेला मार्ग आहे. त्यामुळे तो अखेरचा पर्याय ठरतो.
६. या परिवर्तनाची सामाजिक किंमत विस्थापित पशुपालक व शेतकरी यांनी मोजली. अनुकरण करू इच्छिणाऱ्या समाजांनी त्यांच्या पुनर्वसनाचा विचार आरंभीच करावयास हवा.

एकंदरीत पाहता, टंचाईवरचा उपाय समुद्रकिनाऱ्यावर सुरू होत नाही. तो घरामागच्या गटारापासून सुरू होतो. जे शहर आपले वापरलेले पाणी कोठे जाते हे जाणत नाही, त्याला नवे पाणी कितीही दिले तरी ते पुरे पडणार नाही, हेच या शतकभराच्या इतिहासाचे सार होय.